गळाच्या खात्यातली गाळणी

खरं बोलून अक्षया नागवेकरला मिळायचं काहीच नव्हतं, आणि गप्प राहून बरंच काही. पगार शाबूत राहिला असता. रावजीकाकांनी ऑफिसच्या पाटीवर आपल्या नावाखाली तिचं नाव रंगवून घ्यायचं कबूल केलं होतं, ते दिवाळीपर्यंत रंगवलं गेलं असतं. आणि रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरात बोटीच्या केबिनवर उकिडवा बसलेला एक तरुण तिच्याकडे बघून हसत होता, तो हसत राहिला असता. ही शेवटची बाब आपण हिशेबात धरलीच नव्हती, असं ती पुढे सांगायची. कोणी विश्वास ठेवायचा तो ठेवो.

त्या दिवशी ती गेली होती सुकट घ्यायला. जुलै अर्ध्यावर आलेला. मासेमारीला बंदी, त्यामुळे बोटी किनाऱ्याला ओढून निळ्या ताडपत्र्यांखाली झाकलेल्या. सगळीकडे ताज्या रंगाचा आणि सुक्या मासळीचा मिळून एक वास. पाऊस असा की छत्री उघडली की थांबायचा आणि मिटली की सुरू व्हायचा. तीन-चारदा त्याने अशी थट्टा केल्यावर अक्षया वैतागून जवळच्या बोटीच्या ताडपत्रीखाली शिरली.

"अहो... खाली कोण आहे? तो पाना द्या ना जरा वर."

तिने मान वर केली. केबिनवरून एक हात लोंबत होता. हाताच्या मागे विस्कटलेले केस, आणि केसांखाली दोन डोळे, जे पान्यापेक्षा तिच्याकडेच जास्त बघत होते.

"कुठला पाना?"

"दहा नंबरचा. तुमच्या पायाशी आहे बघा."

पायाशी चार पाने पडले होते. तिने चारही उचलून त्याच्या हातात दिले.

"हुशार आहात," तो म्हणाला. "एक तरी बरोबर निघणारच."

"आणि तुम्ही येणाऱ्या-जाणाऱ्याला कामाला लावता, म्हणजे बोटीचे मालक असणार."

"मालक रघूतात्या. ते चहाला गेलेत. मी नुसता वायरींचा माणूस. स्वरूप घाग. देवरूखचा."

"देवरूखचा? मग समुद्रावर काय करताय?"

"समुद्रावर कुठे? बोटीवर आहे. बोट जमिनीवर असेपर्यंत मी फार शूर असतो."

अक्षयाला हसू आलं. ते दाबायचा प्रयत्न तिने केला, पण उशिरा केला. पावसानेही आता थट्टा सोडून जोर धरला. स्वरूपने वरून हात पुढे केला—"भिजताय कशाला? या वर. मासे दाखवतो."

"बंदीत?"

"बंदीत. आणि जमिनीवर."

बोलावणं असं विचित्र की ती चढलीच. केबिनमध्ये चाकाशेजारी एक पडदा होता. मासे शोधायचं यंत्र, ज्याला धक्क्यावर सगळे फिशफाइंडर म्हणतात. स्वरूपने इंजिन जरासं चालू केलं मात्र, निळ्या पडद्यावर लाल-पिवळ्या ठिपक्यांचा लोंढाच्या लोंढा वाहू लागला. खाली चिखल, चिखलात एक कोंबडी पाय ओढत चाललेली, आणि पडदा सांगत होता, बांगड्यांचा थवा आलाय.

"हे काय?"

"हे इंजिनाच्या डायनामोची खरखर. वायरीतून पडद्यापर्यंत पोचते आणि मासे असल्याचं सोंग घेते. गेल्या मोसमात रघूतात्या या माशांच्या मागे जयगडपर्यंत गेले होते. येताना जाळ्यात काय होतं विचारा."

"काय होतं?"

"जाळं."

इंजिन बंद झालं. थवा नाहीसा झाला. कोंबडीही. छपरावर पाऊस वाजत राहिला. स्वरूप एक वायर बोटाभोवती गुंडाळत होता, सोडत होता, पुन्हा गुंडाळत होता. सांगायला विषय नसला की पुरुषांना वायर लागते.

"मग याला उपाय?" अक्षयाने विचारलं.

"आहे ना. वायरीत गाळणी बसवायची. विजेची गाळणी. वीज पुढे जाते, खरखर मागे अडकते. तैवानहून मागवल्यात मी. माझ्या नावावरचा पहिला माल. मिरकरवाड्यातल्या निम्म्या बोटींनी सांगून ठेवल्यात. मोसम उघडायच्या आत बसवून दिल्या तर माझं नाव होईल. नाही दिल्या तर... परत देवरूख, आणि मिक्सरची दुरुस्ती."

"मग बसवा की."

"माल न्हावाशेव्याला अडकून पडलाय हो!" त्याने कपाळाला हात लावला. "आमच्या एजंटच्या ऑफिसात कोणीतरी महापंडित बसलाय. वस्तूचं नाव लाइन फिल्टर. पुढे लिहिलंय, फिशिंग बोटीसाठी. लाइन म्हणजे विजेची लाइन, हे शेंबड्या पोराला कळेल. या पंडिताने वाचलं 'लाइन', वाचलं 'फिशिंग', आणि माझा माल नेऊन घातला कशात सांगू? गळाच्या दोरीत!"

अक्षयाच्या हातातली रिकामी पिशवी हातातच राहिली.

कारण तो महापंडित तीच होती.

रावजी सुर्वे हे राम आळीतले कस्टम्स ब्रोकर. परदेशातून माल आला की त्याची कागदपत्रं करायची, सरकारच्या जाडजूड यादीतल्या कुठल्या हेडिंगखाली तो बसतो ते ठरवायचं आणि त्याप्रमाणे ड्यूटी काढायची, हा धंदा. रत्नागिरीत तो मुख्यतः काजूवर चालतो. आफ्रिकेतून काजूबी येते, इथल्या कारखान्यांत फुटते. काजूबीचं हेडिंग अक्षयाला झोपेत विचारलं तरी सांगता यायचं. अशात 'मार्लेश्वर मरीन' नावाच्या कुठल्याशा नव्या गिऱ्हाइकाचे कागद मोबाइलवर आले. डोंगरातल्या देवाचं नाव आणि पुढे मरीन, तेव्हाच तिला हसायला आलं होतं. हसतच तिने बिल वाचलं. दुसऱ्या कुणाला 'लाइन' म्हटल्यावर रांग आठवली असती. मांडवीच्या धक्क्यापाशी वाढलेल्या, आणि जिचे बाबा बोटीवरची नोकरी संपल्यापासून दर रविवारी गळ टाकून बसतात अशा मुलीला, लाइन म्हटल्यावर दुसरं काय आठवणार? फिल्टर ही त्या दोरीला लावायची काहीतरी परदेशी सोय असणार, असं तिने स्वतःला समजावलं. घाईत असलं की माणूस स्वतःचं फार पटकन ऐकतं.

पुढे तिकडे बंदरात खोकं उघडलं गेलं. आत दोरी नाही, गळ नाही, पत्र्याच्या डब्या. माल थांबला.

"नवीन माणूस आहे म्हणे. मला तर तो डोळ्यांसमोर दिसतो," स्वरूप सांगत होता. "साठीचा. कानात केस. स्वतः धक्क्यावर गळ टाकून बसणारा."

"कशावरून पुरुष?"

"बाई असती तर एक फोन करून विचारलं असतं, हे काय आहे म्हणून. पुरुष कुणाला विचारत नाहीत. वाट चुकली तरी."

शिव्यांपेक्षा हेच तिला जास्त लागलं.

"तुम्ही काय करता?" त्याने विचारलं.

"मी... काजूचं बघते."

"काजूचं काय?"

"कागद."

खोटं नव्हतं. खऱ्यातला सोयीचा तेवढा भाग होता. पाऊस ओसरल्यावर ती उतरली. वळून पाहिलं नाही, म्हणजे बोटीच्या टोकापर्यंत तरी नाही. घरी आईने पिशवी उलटी करून झटकली.

"सुकट कुठाय गो?"

"...विसरले."

"सुकट आणायला गेलीस, आणि सुकटच विसरलीस? मग तिथे तासभर बघत काय होतीस?"

"मासे," अक्षया म्हणाली.

दुसऱ्या दिवशी तिने रावजीकाकांना गाठलं. काका म्हणजे कोणी सख्खे नव्हेत. पण तिला धंदा शिकवला त्यांनीच, आणि पगार देताना कुरकुर करायचे तीही सख्ख्यासारखी.

"काका, त्या मार्लेश्वरवाल्यांना तुम्ही सांगितलंत काय?"

"सांगितलं, ऑफिसात एक नवीन माणूस आहे, तो चुकला."

"मी नवीन?"

"चुकीपुरती नवीन. तुझं नाव कशाला घेऊ?" काकांनी चष्मा कपाळावर चढवला. "आता कस्टमच्या साहेबांचा प्रश्न आलाय, वस्तू नक्की काय आहे, आणि कुठल्या यंत्राचा भाग आहे. आपण सांगू, फिशफाइंडरचा सुटा भाग. ड्यूटी कमी बसते. पार्टी खूश, गळाचं कोणी बोलणार नाही. शुक्रवारी तो येतोय सहीला. तोवर तू वस्तू समजून घे."

वस्तू समजून घ्यायला वस्तूपाशी जायला नको का? अक्षया संध्याकाळी मिरकरवाड्यात गेली. दुसऱ्या संध्याकाळीही. दोन्ही वेळा सुकट घेतली. घरात एवढी सुकट साठली की मांजर दारातून हलेना.

"तुमच्या घरी रोज सुकट खातात?" स्वरूपने विचारलं. तो आज बोटीच्या कडेला पाय सोडून बसला होता. तिच्यासाठी फळकुट पुसून ठेवलेलं तिने पाहिलं होतं. न पाहिल्यासारखं करून ती त्याच्यावर बसली.

"का? खाऊ नये?"

"खावी की. मी विचारतो एवढंच—तुम्ही इथे येता ते सुकटीसाठी?"

"मुख्यतः."

"मुख्यतः..." त्याने तो शब्द तोंडात घोळवला. "म्हणजे फक्त नाही."

अक्षयाचे कान तापले. रोजच्या कामातला शब्द असा अंगाशी येईल असं तिला वाटलं नव्हतं. तिने घाईने विषय बदलला—"तुमची ती गाळणी. ती या फिशफाइंडरलाच चालते का?"

"छे! कशालाही चालते," स्वरूप फुशारकीने म्हणाला. "वायरलेसला चालते. रेडिओला चालते. आमच्याकडे देवळात आरतीला लाउडस्पीकर असा खरखरायचा की देवी दचकेल. मागे एक नमुन्याची गाळणी आली होती, ती लावली. आता गुरवाचा घसाही साफ ऐकू येतो. ज्याला वायर आहे त्याला माझी गाळणी आहे."

तो हसत होता, आणि अक्षयाच्या मनात आकडे हलत होते. एवढ्या एका वाक्यात या माणसाने स्वतःची ड्यूटी वाढवून घेतली होती. फिशफाइंडरला फक्त किंवा मुख्यतः लागणारी वस्तू असती, तर ती त्याचा भाग. कशालाही चालते म्हटल्यावर ती कुणाचा भाग नाही. ती स्वतंत्र, आणि स्वतंत्र वस्तूचं हेडिंग महाग. हे त्याने विश्वासाने सांगितलं होतं, काजूवाल्या मुलीला. शुक्रवारी तो ऑफिसात येणार, तिला टेबलाशी बघणार, आणि मग आपण विश्वास कुणावर ठेवत होतो याचा हिशेब करत बसणार.

गप्प राहायला अजून रात्र होती. रात्रभर आजारी पडता आलं असतं. शुक्रवारी सुट्टी घेता आली असती. तिने आभाळाकडे पाहिलं, पायातल्या चपलेकडे पाहिलं, आणि बोलली.

"स्वरूप, तो गळवाला पंडित आहे ना..."

"त्याचं काय?"

"त्याच्या कानात केस नाहीत."

"तुम्ही ओळखता त्याला?"

"मीच आहे ती."

खाली लाटेचं पाणी धक्क्याच्या दगडात शिरलं, आणि बाहेर आलं. स्वरूपच्या चेहऱ्यावरचं हसू लगेच गेलं नाही. त्याला कळलं नव्हतं कुठे जायचं ते.

"म्हणजे... त्या दिवशी मी बोलत होतो तेव्हा—"

"हो."

"आणि काल. आणि आज."

"हो."

"आणि तुम्ही गाळणीबद्दल विचारत होता ते—"

"कामासाठी होतं. मुख्यतः." तिने सुकटीची पिशवी खाली ठेवली. "फक्त नाही."

हा शब्द आत्ता चालणार नाही, हे तिला बोलल्यावर समजलं. स्वरूप उठला. हत्यारं गोळा केली. एक पाना खाली राहिला तो तिने उचलून दिला. त्याने तो "थँक यू, मॅडम" म्हणून घेतला. थँक यूचं काही नव्हतं. लागलं ते 'मॅडम'.

शुक्रवारी तो आला. इस्त्रीचा शर्ट, भांग पाडलेला, हातात फाइल. अक्षयाच्या टेबलासमोरून तो थेट रावजीकाकांपाशी गेला. काकांनी चहा सांगितला, पावसाला नावं ठेवली, आणि कागद पुढे सरकवला.

"फिशफाइंडरचा सुटा भाग, असं उत्तर देतोय. इथे सही करा. तुमची ड्यूटी वाचते."

"काका," अक्षया जागेवरून म्हणाली, "तो सुटा भाग नाहीये."

काकांनी तिच्याकडे असं पाहिलं की पाटीवरच्या नावाचा रंग तिथल्या तिथे वाळून त्याचे पोपडे झाले.

"कशाला मधे बोलतेस? वस्तू फिशफाइंडरला लावतात की नाही?"

"लावतात. वायरलेसलाही लावतात, रेडिओलाही, आणि देवरूखला देवळाच्या लाउडस्पीकरलाही."

"हे तुला कोणी सांगितलं?"

चहावाला ग्लास ठेवून गेला, पाय न वाजवता.

"मी सांगितलं," स्वरूप म्हणाला. मग पहिल्यांदा तिच्याकडे वळला. आवाज खाली, पण धार होती. "पण ते मी तुम्हाला सांगितलं होतं. त्या साहेबांना नाही."

"मला सांगितलंत ना? मग मला आता ते माहीत नसल्यासारखं लिहिता येणार नाही."

"एकदा गळाच्या दोरीत घालताना बरं लिहिता आलं!"

"तेव्हा मला माहीत नव्हतं. माहीत नव्हतं आणि विचारलंही नाही, ही माझी चूक. त्याचा दंड बसेल तो माझ्यामुळे. पण तेव्हा मी चुकले होते. हे लिहिलं तर ती चूक राहणार नाही." ती उठून उभी राहिली. "कागद तपासणारे साहेब हल्ली कुठल्या शहरात बसतात आपल्याला माहीत नाही. त्यांना आपण दिसत नाही. पण तुमचाच माहितीचा कागद मी वाचला, त्यात तैवानवाल्यांनी आगबोटीपासून दवाखान्यापर्यंत सगळं छापलंय. साहेबही वाचतील. मग वाद, पत्रं, तारखा. ऑगस्ट निघून जाईल. बोटी मासे शोधत असतील, आणि तुमच्या गाळण्या न्हावाशेव्याला. महाग हेडिंग कबूल करा. फरक भरा. माल सुटेल. नफा कमी होईल, पण मोसम हातचा जाणार नाही."

रावजीकाकांनी चहाचा घोट घेतला. "बघा. स्वतःच्या गिऱ्हाइकाला जास्त भरायला सांगणारा ब्रोकर मी उभ्या जन्मात पाहिला नाही. अक्षये, पाटीचं विसर आता."

"विसरले, काका."

स्वरूपने पुढ्यातला कागद उचलला, पुन्हा ठेवला. त्याला काय हिशेब करायचा होता? एकीकडे स्वस्त कागद आणि म्हातारा, मुरलेला ब्रोकर. दुसरीकडे महाग कागद, आणि जिने त्याचा माल एकदा दोरीत घातला ती मुलगी. शहाणा माणूस कुठे सही करेल हे सांगायला नको. पण गळवाल्या पंडिताबद्दल ती गप्प राहिली असती तर त्याला कधीच कळलं नसतं, हेही त्याला दिसत होतं. न विचारता स्वतःविरुद्ध बोलणारं माणूस देवरूखच्या बाजारात काय, मिरकरवाड्यातही सहसा मिळत नाही.

"मॅडम," तो म्हणाला. मग थांबला, आणि पुन्हा सुरुवात केली. "अक्षया. महाग कागद द्या."

तिने दिला. देताना बोटं लागली. दोघांनीही सही होईपर्यंत त्याबद्दल काही विचार केला नाही, असं दाखवलं.

माल सुटला. खोकी एसटीच्या पार्सलने रत्नागिरीला आली तेव्हा बंदी उठायला थोडेच दिवस उरले होते, आणि पाऊस मन लावून पडत होता. मग स्वरूप एका बोटीवरून दुसऱ्या बोटीवर, पाठीवर वायरींचं वेटोळं, तोंडात स्क्रू. आणि त्याच्या डोक्यावर छत्री धरून, ऑफिस सुटल्यावर, अक्षया. छत्री कशाला, असं कोणी विचारलं तर ती सांगायची, विजेचं काम आहे, पाणी गेलं तर? केबिनला छप्पर असतं, हे कोणी काढलं नाही. हाकेत मात्र अजून 'तुम्ही'च होतं. शुक्रवारनंतर दोघंही त्या शब्दाला धरून बसली होती, आणि आधी कोणी सोडायचा ते ठरत नव्हतं.

बंदी उठली. रघूतात्यांच्या बोटीचं नाव 'हौसा', त्यांच्या आईचं. तात्यांनी समुद्राला नारळ दिला आणि स्वरूपला हुकूम सोडला, "चल. पडदा चालतो की नाय ते पाण्यात बघू. चिखलातलं मला सांगू नको."

स्वरूपचा चेहरा उतरला. "मी? पाण्यात?"

"मग काय, पडद्याचं मला एकट्याला कळणार?" तात्या अक्षयाकडे वळले. "तू पण चल गो. ह्याला धरायला कोणीतरी हवा."

"बाई बोटीवर चालेल, तात्या?"

"बोटच बाई हाय. चढ."

दीपगृह मागे पडेपर्यंत स्वरूप बरा होता. मग बोटीने समुद्राशी बोलायला सुरुवात केली, वर-खाली, खाली-वर, आणि देवरूखचा डोंगर त्याच्या पोटात आठवणी काढू लागला. तात्यांनी पडदा लावला. निळा. नितळ. एक ठिपका नाही. त्यांनी त्याला टिचकी मारली.

"मासे गेले कुठे मेल्या?"

"तात्या, ते मासे नव्हते—"

"गेल्या वर्षी हा पडदा कसा भरलेला असायचा! पैसे घेऊन होते ते मासे पण घालवलेस?"

"ते... खोटे..." स्वरूपने कठडा धरला. पुढचं त्याला बोलवेना. अक्षयाच पुढे झाली.

"तात्या, जरा थांबा ना. खोटं गेलंय. आता जे दिसेल ते खरंच असेल."

तात्या कुरकुरत सुकाणूकडे वळले. अक्षया स्वरूपपाशी आली. तो हिरवा पडला होता, केस कपाळाला चिकटलेले, आणि इस्त्रीच्या शर्टातल्यापेक्षा तिला तो आत्ता जास्त आवडला, हे तिने तिथल्या तिथे मान्य करून टाकलं. तिने त्याच्या पाठीवर हात ठेवला.

"उलटी येतेय?"

"नाही..." त्याने डोळे मिटले. "दुसरंच काहीतरी येतंय तोंडावर. इतके दिवस... आणि यायचं तर आत्ताच, या बोटीवर..."

"मग येऊ दे."

"अक्षया, मला... तू आवडतेस."

'तुम्ही' समुद्रात पडला. कोणी वाकून पाहिलं नाही.

"चुकलेली असताना पण?" तिने विचारलं. तिला हसायचं होतं, पण आवाज भलतीकडेच गेला.

"चुकलेली असताना मुख्यतः," तो म्हणाला, "आणि नसताना—आई गं—" आणि कठड्यावरून वाकला.

वाक्य अर्धं राहिलं. तिने पुरं मागितलं नाही. त्याचं कपाळ ओंजळीत धरलं, पाण्याची बाटली उघडली, ओढणीच्या टोकाने त्याचं तोंड पुसलं, आणि कानाशी म्हणाली, "मला पण. तू. पहिल्या दिवसापासून... शिव्या देत होतास तेव्हापासून."

"मला अजून मळमळतंय," तो क्षीणपणे म्हणाला, "पण खूप बरं वाटतंय."

तेवढ्यात केबिनमधून तात्यांची आरोळी आली. पडद्याच्या एका कोपऱ्यात, खाली, दाट लाल ढग उगवला होता. एकच. इंजिन मंद केलं तरी हलला नाही. जाळं पडलं. वर आलं तेव्हा त्यात चांदी उसळत होती, आणि तात्या बांगड्यांनाच शिव्या देत होते, आनंदाने.

आता राहिला हिशेब. वाढीव ड्यूटी भरली स्वरूपने. भरताना तोंड वाकडं केलं, पण अक्षयाची पाठ असताना. समुद्राचं देणं त्याने रोख चुकतं केलं, कठड्यावरून. सुकट बरीच वाया गेली, ती मांजराच्या नावावर. चुकीचा दंड अक्षया स्वतःच्या पगारातून फेडणार होती. तसं तिने लिहूनही दिलं होतं. रावजीकाकांनी तो कागद खिशात घातला, आणि दंड परस्पर भरून आले. विचारलं तर म्हणाले, "माझ्या ऑफिसातली चूक माझी. तू फुकट मिरवू नकोस."

मग गणपतीनंतर देवरूखला घागांकडे बोलणी करायला जायचं ठरलं. अक्षयाच्या बाबांना बोलणी येत नव्हती. ते गळ टाकून गप्प बसणारे. म्हणून बोलायला रावजीकाका. गाडी काकांची. पेढे काकांचे. चार तास घासाघीस करायच्या तयारीने गेलेले काका अर्ध्या तासात हो म्हणून बसले, कारण घागांनी काही मागितलंच नाही, आणि न मागणाऱ्याशी घासाघीस कशी करतात हे त्यांना माहीत नव्हतं. येताना ते थोडे हिरमुसलेच होते.

हातखंब्याला गाडी पंपावर उभी राहिली. मागच्या सीटवर अक्षया आणि स्वरूप. आपण फार स्वस्तात सुटलो, असं दोघांच्याही चेहऱ्यावर स्वच्छ लिहिलेलं. पंपावरच्या माणसाने खिडकीत हात पुढे केला.

"काका, मी देतो," स्वरूप म्हणाला.

"बस गप," म्हणत या सगळ्या व्यवहारात ज्यांना एका पैचा फायदा नव्हता त्या रावजीकाकांनी पाकीट काढलं, आणि टाकी भरून घेतली.